शेजारची घसरगुंडी, आपले अंगण

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

एरवी गळती, पार्किंग आणि देखभाल शुल्क यांविषयी लिहिणारे वाचक उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलांविषयी, बहुधा शेजाऱ्यांच्या मुलांविषयी, लिहू लागतात. यंदा ठाणे आणि नवी मुंबई या भागांतून आलेल्या बऱ्याच पत्रांत घसरगुंडी, ट्रॅम्पोलिन आणि झोपाळा यांच्यावरून उभ्या राहिलेल्या तक्रारी होत्या, आणि प्रत्येकीच्या मुळाशी कोणी तरी आपल्या घरात डोकावते आहे ही भावना होती. त्यांपैकी काही पत्रे ओळख पटेल असे तपशील वगळून येथे घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही नेरूळमध्ये सिडकोच्या रो-हाऊसमध्ये बरीच वर्षे राहतो. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या मागच्या अंगणांच्या मध्ये खांद्याला लागेल एवढी सामाईक भिंत आहे. एप्रिलमध्ये त्यांनी नातवंडांसाठी लोखंडी मचाण आणि त्याला जोडलेली घसरगुंडी भिंतीला अगदी खेटून बसवली. मचाणाची फळी जमिनीपासून पाच फूट उंच आहे. मुले वर चढली की आमची मोरी, कपडे वाळत घालायची दोरी आणि सासूबाई दुपारी केस मोकळे सोडून बसतात तो ओटा, असे सगळे त्यांच्या डोळ्यांसमोर येते. मुले सात आणि नऊ वर्षांची आहेत. ती वरून हाका मारतात, ‘आजी, काय करताय?’ म्हणून विचारतात. सासूबाईंनी अंगणात बसणेच सोडले आहे. मी शेजारच्या वहिनींशी बोलले, तेव्हा ‘लहान मुलं आहेत हो, त्यांना काय कळतंय?’ एवढेच उत्तर मिळाले, आणि तेव्हापासून आमचे येणे-जाणे थांबले. यजमान म्हणतात, वकिलाची नोटीस पाठवू. कायदा आमच्या बाजूने आहे का? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : कायदा तुमच्या बाजूने थोडासा आहे, पण एका नोटिशीने घसरगुंडी हलेल इतका नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला, हे आता सर्वांना ठाऊक आहे आणि आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत त्याचा दाखला हमखास असतो. परंतु तो हक्क मुख्यतः शासनाच्या विरोधात वापरायचा आहे. शेजाऱ्याने स्वतःच्या अंगणात फळी किती उंचीवर ठोकावी, हे त्यातून थेट ठरत नाही.

शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधल्या खासगीपणाचा विचार त्याहून कितीतरी जुन्या कायद्यात, म्हणजे १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार (ईझमेंट) अधिनियमात सापडतो. त्याच्या कलम १८ मध्ये रूढीने मिळणाऱ्या हक्कांची तरतूद आहे, आणि तेथे दिलेले एक उदाहरण जणू तुमच्यासाठीच लिहिले आहे: शेजाऱ्याच्या घरातील, एरवी परक्या नजरेस न पडणारा भाग दिसेल अशी नवी खिडकी उघडायची नाही अशी एखाद्या गावाची रूढी असेल, तर त्या गावातील घरमालकाला तसा हक्क मिळतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८८८ साली गोकलप्रसाद विरुद्ध राधो या खटल्यात, घरातील स्त्रियांच्या वावराची जागा नव्या बांधकामातून दिसू लागल्याच्या तक्रारीत, अशी रूढी मान्य केली होती. अडचण अशी की ती रूढी आपल्या गावात आहे हे दाव्यात पुराव्याने सिद्ध करावे लागते. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापनाच १९७० ची. त्यानंतर शेतजमिनी आणि मिठागरे घेऊन आखलेल्या सेक्टरांमध्ये पूर्वापार चालत आलेली रूढी दाखवायची म्हणजे तुमच्या वकिलांना बरेच खोल खणावे लागेल. उपद्रवाचा, म्हणजे ‘न्यूसन्स’चा, दावाही करता येतो. परंतु त्यात त्रास मोठा आणि सततचा आहे हे पटवावे लागते, आणि दोन शाळकरी मुलांच्या घसरगुंडीवरून दिवाणी न्यायालय मनाई हुकूम देईल या भरवशावर मी तरी खर्च करणार नाही.

यजमानांच्या मनात महापालिकेकडे तक्रार करण्याचा विचार असेल, तर आधी आपल्या ओळीतील घरांच्या मागच्या बाजूंवरून एकदा नजर फिरवा. मचाणाला काँक्रीटचा पाया घेऊन वर पत्र्याचे छप्पर घातले असेल तर परवानगीचा प्रश्न उभा राहू शकतो, हे खरे. मात्र जेथे जवळजवळ प्रत्येकाने मागची मोकळी जागा पत्रे टाकून स्वयंपाकघराला जोडून घेतली आहे, तेथे पाहणीला आलेला अभियंता एका घराच्या दारातून परत जात नाही.

म्हणून नोटीस बाजूला ठेवा आणि मोजपट्टी घ्या. या भांडणात मुलांचा स्वभाव, त्यांच्या आजीचे बोलणे आणि तुमच्या सासूबाईंचा संकोच यांवर कितीही चर्चा झाली तरी निकाल लागणार नाही. फळीची उंची आणि भिंतीपासूनचे अंतर या दोन आकड्यांवर मात्र तो लागू शकतो. तुमच्या पत्रावरून हिशेब असा दिसतो. फळी १.५ मीटरवर आहे. सात वर्षांच्या मुलाचे डोळे त्याच्या तळपायापासून साधारण १.१ मीटरवर असतात, म्हणजे जमिनीपासून २.६ मीटरवर. भिंत १.५ मीटर धरली आणि मूल तिच्यापासून अर्ध्या मीटरवर उभे असले, तर भिंतीपलीकडची पहिली दोन-सव्वादोन फुटांची पट्टी सोडून तुमचे सारे अंगण त्याला दिसते. आता तीच फळी ९० सेंटीमीटरवर आणली आणि मचाण भिंतीपासून तीन मीटर आत सरकवले, तर त्याच मुलाची नजर भिंतीच्या माथ्यावरून इतकी आडवी जाते की भिंतीपलीकडे अडीच मीटरवर ती अजून एक मीटरच्या वरच असते. ओट्यावर बसलेल्या सासूबाई कदाचित डोक्यापुरत्या दिसतील; मोरीत खाली बसून कपडे धुणारी व्यक्ती दिसणार नाही.

सगळ्याच रो-हाऊसच्या मागे तीन मीटर सरकायला जागा नसते, याची कल्पना आहे. अशा वेळी मचाणाच्या ज्या बाजूला तुमचे घर आहे त्या बाजूच्या कठड्यावर आडोसा बसवणे हा सर्वांत स्वस्त आणि लवकर होणारा उपाय आहे. कठड्याला आतून मरीन प्लायवूड किंवा अपारदर्शक पॉलीकार्बोनेटचा पत्रा फळीपासून साडेचार फूट उंच ठोकला की नऊ वर्षांच्या मुलाचीही नजर अडते, आणि मचाण जागचे हलवावे लागत नाही. हिरव्या जाळीवर विसंबू नका. ती पहिल्याच पावसाळ्यात फाटून लोंबू लागते आणि मुलांची बोटे तिच्यात अडकतात. आडोशाला आडव्या पट्ट्या नकोत, कारण मुले त्यांवर पाय देऊन चढतात. उभ्या पट्ट्या लावल्या तर त्यांतील फट ९ सेंटीमीटरपेक्षा कमी असावी. खेळसाहित्याच्या सुरक्षेच्या अमेरिकी मार्गदर्शनानुसार साधारण ९ ते २३ सेंटीमीटरची फट सर्वांत धोक्याची असते, कारण तीतून मुलाचे अंग जाते आणि डोके अडकते.

याच मार्गदर्शनात आणखी एक गोष्ट आहे, जी तुमच्या बोलण्याची सुरुवात ठरू शकेल. मुलाला पडायला मोकळी जागा मिळावी म्हणून अशा साहित्याच्या चारही बाजूंना किमान सहा फूट अंतर रिकामे असावे, आणि खाली फरशी किंवा कोबा नसावा, असे त्यात म्हटले आहे. पाच फुटांवरून तोल गेलेले मूल आज थेट विटांच्या भिंतीवर आपटेल. म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या निवांतपणासाठी मचाण जेथे हलवायला हवे, तेथेच ते शेजाऱ्यांच्या नातवंडांच्या हातापायांसाठीही हलवायला हवे. हे निमित्त म्हणून वापरा असे मी सुचवत नाही, कारण निमित्त ओळखू येते. दोन्ही कारणे सरळ सांगा.

आणि कोणाशी बोलावे याचाही विचार करा. ‘त्यांना काय कळतंय’ हे वाक्य मुलांच्या आजीचे, म्हणजे शेजारच्या वहिनींचे आहे. तिने ते नातवंडांच्या बचावासाठी म्हटले, कारण तुमचे बोलणे तिला मुलांवरच्या आरोपासारखे वाटले असणार. सासूबाईंनी स्वतः, दुपारच्या वेळी, त्या वहिनींना आपल्या ओट्यावर बोलावून बसवावे आणि मुलांना वर चढू द्यावे. खालून वर पाहिल्यावर जे दिसते ते वरून खाली पाहणाऱ्याला कधीच सांगून कळत नाही. आडोशाचा खर्च खेळणे बसवणाऱ्याने करावा, हे न्याय्य आहे. तरीही तुम्ही अर्धा वाटा देऊ केलात तर तो नोटिशीच्या शुल्काहून कमीच असेल.

जाता जाता : चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजची आखणी करताना प्रत्येक घर भिंत सामाईक न ठेवता सुटे उभे केले, आणि सुमारे सात-सात घरांच्या मध्ये साधारण ८ मीटर बाय ८ मीटरचे सामाईक अंगण ठेवले. मुलांनी खेळायचे ते त्या मधल्या अंगणात, आणि घराचे स्वतःचे अंगण घराचेच. आपल्या रो-हाऊसच्या ओळींत ते मधले अंगण गाड्यांनी व्यापले आणि मग प्रत्येकाला स्वतःची घसरगुंडी मागच्या दारी आणावी लागली. हा दोष तुमच्या शेजाऱ्यांचा नव्हे.

प्रश्न : मी उलट बाजूने लिहीत आहे. ऐरोलीत आमचे तळमजल्याचे घर आहे आणि पुढे छोटी बाग आहे. मुलीसाठी आम्ही जाळीसह ट्रॅम्पोलिन आणले. शेजारचे काका, वय सत्तरच्या पुढे, पहिल्या दिवसापासून नाराज आहेत. मुले उड्या मारताना त्यांच्या हॉलमध्ये पाहतात, दुपारची झोप मोडते, असे त्यांचे म्हणणे आहे. गेल्या महिन्यात त्यांनी कंपाउंडच्या खांबावर कॅमेरा बसवला आणि त्याचे तोंड आमच्या बागेकडे आहे. ‘तुमची मुलगी माझ्या घरात बघते, मी तुमच्या बागेत बघतो,’ असे त्यांनी माझ्या पत्नीला ऐकवले. शिवाय मुलीची पोलिसांत तक्रार करीन असेही म्हणाले. मुलगी सहा वर्षांची आहे. (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : पोलिसांची धास्ती आधी मनातून काढा. भारतीय न्याय संहितेच्या कलम २० नुसार सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही, आणि हॉलमध्ये नजर जाणे हे कोणत्याही वयात गुन्ह्याच्या जवळपासही येत नाही. पोलीस ठाण्यात फार तर अदखलपात्र नोंद होईल आणि दोघांना समजुतीचे चार शब्द सांगून परत पाठवले जाईल.

कॅमेऱ्याचा प्रश्न मात्र गंभीर आहे, आणि काकांनी केलेली बरोबरी चुकीची आहे. मुलगी उडी मारते तेव्हा क्षणभर तिचे डोके भिंतीच्या वर येते आणि खाली जाते. कॅमेरा पाहतो, साठवतो आणि ते चित्र कोणालाही दाखवता येते. तरीसुद्धा कायद्याचे हत्यार येथेही बोथट आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण अधिनियमातून व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेली हाताळणी वगळलेली आहे. न्याय संहितेचे कलम ७७ स्त्रीला खासगी कृती करताना पाहणे किंवा तिचे चित्रण करणे यापुरते, तर माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६ई शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणापुरते आहे. बागेत उड्या मारणारे मूल या चौकटीत बसत नाही. नीतीच्या बाजूने तुमचे म्हणणे पक्के आहे: भारताने डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या अनुच्छेद ३१ मध्ये मुलाचा खेळण्याचा आणि अनुच्छेद १६ मध्ये मुलाच्या खासगीपणाचा हक्क मान्य केलेला आहे. ती संहिता काकांना वाचून दाखवू नका, एवढीच विनंती.

त्याऐवजी त्यांना एक सोय दाखवा. हल्लीच्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या ॲपमध्ये ‘प्रायव्हसी मास्क’ असतो. चित्रातील जो भाग टिपायचा नाही त्यावर काळा चौकोन ओढून ठेवता येतो. त्यांचे फाटक, त्यांची गाडी आणि त्यांचे कुंपण टिपले जाईल. तुमची बाग काळी राहील. तुमच्या समोर तो चौकोन काढला गेला आणि पडद्यावर तुम्ही तो पाहिलात, की तुमच्या पत्नीलाही कपडे वाळत घालताना अवघडल्यासारखे होणार नाही. ते नाही म्हणाले आणि तुमचे घर नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थेत असेल, तर समितीकडे लेखी अर्ज द्या. सामाईक खांबावर कॅमेरा लावायचा असेल तर तो संस्थेच्या परवानगीचाच विषय आहे.

आता तुमच्या बाजूचे काम. दुपारी दोन ते चार ट्रॅम्पोलिन बंद. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण सत्तरीच्या माणसाची दुपारची झोप कोणत्याही डेसिबलमध्ये बसत नाही. वयाचा मान म्हणून ही वेळ पाळा. ट्रॅम्पोलिनला मचाणासारखा आडोसा लावता येत नाही, म्हणून ते बागेत शक्य तेवढे तुमच्या घराच्या भिंतीकडे घ्या आणि काकांच्या खिडकीच्या रेषेतून काढा. एका वेळी एकच मूल हा नियम मोडू नका. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना घरगुती ट्रॅम्पोलिनचा वापर नकोच म्हणते, आणि बऱ्याचशा दुखापती एकाहून अधिक मुले एकत्र उड्या मारतात तेव्हाच्या असतात. एकच मूल असले की किंकाळ्याही कमी येतात.

प्रश्न : घोडबंदर रोडवरील एका संकुलात आम्ही पहिल्या मजल्यावर, म्हणजे पोडियमच्या पातळीवर, सदनिका घेतली. माहितीपत्रकात आमच्या बाजूला हिरवळ दाखवली होती. ताबा मिळाल्यावर पाहतो तर शयनगृहाच्या खिडकीपासून जेमतेम दहा फुटांवर मुलांचा मल्टिप्ले सेट, त्याचा मनोरा आणि त्याला लागून बाक. दिवसभर पडदे ओढून आणि संध्याकाळी दिवे न लावता बसावे लागते. सेक्रेटरी म्हणतात, ‘मग पोडियम फ्लॅट घेतलाच कशाला?’ सोसायटी खेळ बंद करू शकते का? (एक वाचक, ठाणे पश्चिम)

उत्तर : सोसायटीने खेळ बंद करावा अशी मागणी तुम्ही करू नका. सभेत ती मांडताच तुमच्या बाजूचे एकही मत उरणार नाही, आणि खुली ठेवलेली जागा, म्हणजे जिला सगळे ‘आरजी’ (रिक्रिएशन ग्राउंड) म्हणतात ती, रहिवाशांच्या आणि मुलांच्या मोकळ्या वापरासाठीच असते. मागणी जागा बदलण्याची करा. ती अधिक मर्यादित आहे आणि म्हणूनच पुढे जाईल.

पहिल्यांदा मंजूर नकाशा मिळवा. माहितीपत्रकातील हिरवळीला तुम्ही फार महत्त्व दिले आहे. नकाशात आणि नोंदणीकृत करारनाम्याच्या जोडपत्रात काय आहे ते पाहायला हवे. खेळाची जागा मंजूर आराखड्यात दुसरीकडे असेल आणि विकासकाने ती नंतर तुमच्या खिडकीखाली आणली असेल, तर रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमनाच्या कायद्याच्या कलम १४ चा प्रश्न येतो: आराखड्यात किंवा सामाईक जागांत असा बदल करण्यापूर्वी किमान दोन-तृतीयांश सदनिकाधारकांची लेखी संमती लागते. तशी संमती नसल्यास महारेराकडे, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाकडे, जाता येते. जागा मूळ आराखड्यातच असेल तर विकासकाचा विषय संपला आणि सोसायटीचा सुरू झाला.

सोसायटीकडे अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि त्यासोबत पोडियमचा साधा आराखडा जोडा. त्यात एवढेच दाखवा की उंच साहित्य, म्हणजे मनोरा आणि नळीची घसरगुंडी, खिडक्यांपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात जाऊ शकते. खिडक्यांजवळ वाळूचा खड्डा, सी-सॉ, स्प्रिंगचे घोडे असे जमिनीलगतचे साहित्य राहू शकते. खेळ तोच राहतो, नजर मात्र खिडकीच्या वर चढत नाही. आणि बाकांकडे विशेष लक्ष द्या. अशा तक्रारी मुलांच्या नावाने लिहिलेल्या असतात. प्रत्यक्षात खिडकीतून आत पाहत बसणारी माणसे बाकावरची, रात्री साडेदहाला मोबाईलवर बोलणारी मोठी माणसे असतात. बाक वळवून त्याची पाठ खिडकीकडे करायला एका मिस्त्रीचा अर्धा दिवस पुरतो आणि त्यासाठी वार्षिक सर्वसाधारण सभेची वाट पाहावी लागत नाही. साहित्य हलवण्याचा खर्च मोठा असल्यास तो ठराव सभेपुढे न्यावा लागेल. खेळाच्या वेळा आणि दंड यांविषयीचे अधिकारही सभेचेच आहेत. एकट्या सेक्रेटरींनी वॉचमनकरवी मुलांना हुसकावणे हे उपविधींत बसत नाही, मग ते तुमच्या सोयीचे का असेना.

समितीने दाद दिली नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार आणि पुढे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय, अशी वाट आहे. ती लांबची आहे.

तोपर्यंतच्या सोयीविषयी एक सूचना. बाजारात काचेवर लावायची आरशासारखी चकचकीत फिल्म मिळते आणि दुकानदार ‘बाहेरून काहीच दिसत नाही’ असे सांगतो. ते उजेडाच्या फरकावर अवलंबून असते: दिवसा बाहेर उजेड जास्त म्हणून बाहेरच्याला आरसा दिसतो; संध्याकाळी तुम्ही दिवा लावलात की नेमके उलटे होते, बाहेरच्याला तुमची खोली दिसते आणि तुम्हाला तुमचेच प्रतिबिंब. तुमचा त्रास संध्याकाळचा आहे, तेव्हा दुधाळ, म्हणजे फ्रॉस्टेड फिल्म काचेच्या खालच्या दोन-तृतीयांश भागावर लावा. वरून आकाश आणि उजेड दोन्ही मिळतील.

प्रश्न : शेजारची मुले चेंडू काढायला भिंतीवरून आमच्या बागेत उतरतात. भिंतीवर काचा बसवाव्यात की दाट झाडे लावावीत? (एक वाचक, खारघर)

उत्तर : काचा मुळीच नकोत. मुले भिंतीवर चढतात हे ठाऊक असताना तेथे काचा बसवल्या आणि एखाद्याचा पाय फाटला, तर जबाबदारीच्या प्रश्नात तुम्ही आरोपीच्या जागी असाल. कुंपणासाठी झाडे चांगली, पण निवडून लावा. आपल्याकडे कुंपणाला शेर लावायची जुनी पद्धत आहे. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. कण्हेर आणि पिवळी बिट्टी दोन्ही विषारी आहेत आणि बिट्टीची फळे मुलांना खेळायला हमखास आवडतात. जास्वंद किंवा कुंती लावा, दर पावसाळ्याच्या सुरुवातीला छाटत राहा म्हणजे खालूनही दाट होतात. भिंतीची उंची वाढवायची झाल्यास आधी परवानगी विचारा. राष्ट्रीय इमारत संहितेत कुंपणभिंतीला रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून १.५ मीटर उंचीची मर्यादा आहे, आणि वरचा ०.९ मीटरचा भाग जाळीदार ठेवल्यास २.४ मीटरपर्यंत जाता येते. पनवेल महापालिका आणि सिडको यांच्या अटी त्याशिवाय पाहाव्या लागतील. चेंडूसाठी फाटकाची कडी उघडी ठेवण्याची एक वेळ ठरवून द्या. समेट घडवण्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचे ठरवलेत तर लक्षात असू द्या की खारघर रायगड जिल्ह्यात येते. ठाण्याच्या कार्यालयात गेल्यास परत पाठवतील.

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतात. शेजाऱ्यांनी मुलांसाठी बागेत चढण्याचा लाकडी सांगाडा उभारला आहे आणि त्याच्या गच्चीसारख्या फळीवरून मुलीच्या स्वयंपाकघरात दिसते. ती म्हणते, आई, इथे याला नियम आहे. खरोखरच असा नियम असतो का? मला तर यावरून शेजाऱ्याशी वाकडे घेणे बरे वाटत नाही. (एक आजी, वाशी)

उत्तर : नियम आहे आणि तो आपल्याकडच्यापेक्षा बराच नेमका आहे. इंग्लंडमध्ये घरमालकाला परवानगी न घेता करता येणाऱ्या कामांची यादी २०१५ च्या एका आदेशात दिली आहे, आणि जमिनीपासून ३० सेंटीमीटरपेक्षा उंच अशी फळी त्या सवलतीत बसत नाही. तिला नियोजन परवानगी लागते. हद्दीपासून दोन मीटरच्या आत असलेल्या बागेतील बांधकामाची उंची २.५ मीटरपेक्षा अधिक असू नये, अशीही अट आहे. मुलांचा हलवता येण्याजोगा सांगाडा या नियमांत धरायचा की नाही, हे शेवटी तेथील कौन्सिलचा नियोजन अधिकारी ठरवतो, आणि लहानसहान प्रकरणांत तो कारवाई न करण्याचाही निर्णय घेऊ शकतो. लाकडी कुंपण मात्र तुमच्या मुलीला दोन मीटरपर्यंत, परवानगीशिवाय, स्वतःच्या बाजूला घालता येते. रस्त्याला लागून असेल तेथे एक मीटरपर्यंतच.

न्यायालयापर्यंत जाण्याचा विचार असेल तर लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या प्रकरणाची माहिती तिला असावी. तेथील प्रेक्षक-गॅलरीतून समोरच्या काचेच्या सदनिकांमध्ये पाहणाऱ्या, फोटो काढणाऱ्या गर्दीविरुद्ध रहिवाशांनी दावा केला आणि १ फेब्रुवारी २०२३ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी तो प्रकार उपद्रव ठरवला. परंतु वर्षाला लाखो लोक एका घरात टक लावून पाहतात म्हणून तो उपद्रव ठरला; नुसते शेजाऱ्याच्या जागेतून घर दिसणे एवढ्यावर दावा टिकत नाही, हे त्याच निकालात स्पष्ट आहे. शेजारची दोन मुले त्या गर्दीत मोडत नाहीत.

तुमच्या मनातील शंका व्यवहाराच्या दृष्टीनेही बरोबर आहे. इंग्लंडमध्ये घर विकताना मालमत्तेविषयीच्या माहितीचा एक ठरावीक अर्ज भरून द्यावा लागतो आणि त्यात शेजाऱ्यांशी झालेले वाद व तक्रारी यांविषयी विचारलेले असते. आज कौन्सिलकडे केलेली तक्रार उद्या घर विकताना ग्राहकाला सांगावी लागेल. तेव्हा मुलीने पहिले पत्र कौन्सिलला न पाठवता शेजाऱ्यांच्या हातात द्यावे, त्यात फळीची उंची सेंटीमीटरमध्ये लिहावी आणि कोणत्या बाजूला आडोसा हवा ते छोट्या आकृतीने दाखवावे.